कारभाऱ्याने हिशेब का द्यावा? : अणुशक्तीविषयी एक विचार

गेल्या हिवाळ्यात एका खेड्यातील मंडळीची उपासना आटोपल्यावर आम्ही काही जण लिंबाच्या सावलीत बसलो होतो. त्या मंडळीतील एक तरुण जालन्याच्या एका पोलादाच्या कारखान्यात भंगार निवडण्याचे काम करतो. तो रविवारी घरी आला होता. इतर लोक उठून गेल्यावर तो जवळ सरकून बसला व म्हणाला, "मास्तर, एक विचारायचे होते. रागावणार नाही ना?" मी म्हटले, "विचार बाळा, रागावण्याचे काय कारण?"

तेव्हा त्याने आपली हकीकत सांगितली. भंगाराच्या ढिगात त्याला एक डबा सापडला होता. आकाराने लहान, पण वजनाने इतका जड की दोघांना उचलेना. वरचा पिवळा रंग अर्धवट खरवडलेला. असे काही दिसल्यास हात न लावता कळवावे, अशी कामावर ताकीद होती. त्याने कळविले. काम थांबले, यंत्र घेऊन माणूस आला, डबा तपासला, आणि काहीच निघाले नाही. कोठल्याशा जुन्या यंत्राचे ते शिशाचे वजन होते. टोळीची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि तेव्हापासून सोबती त्याला 'साहेब' म्हणून चिडवू लागले. तो म्हणाला, "मास्तर, मी खरे ते केले, पण त्यातून निघाले काय? आणि देव सगळे पाहतोच, तर माणसाने माणसाची इतकी तपासणी का करावी?"

त्या वेळी मी त्याला दोन शब्द धीराचे सांगितले, पण ते उत्तर नव्हते. जुना जालना येथे घरी परत येईपर्यंत तो प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. मग माझ्या ध्यानात आले की, ह्या गरीब मजुराने जे विचारले तेच मोठमोठी राष्ट्रे गेली सत्तर-ऐंशी वर्षे एकमेकांस विचारीत आहेत. आम्ही प्रामाणिक असू तर दुसऱ्याने आमचे घर का तपासावे? ह्या प्रश्नाचा विचार आज आपण अणुशक्तीच्या निमित्ताने करू.

प्रथम त्या डब्याविषयी. जालन्यास 'सोने का पालना' म्हणत आले आहेत. आज ह्या पाळण्यात बियाणे आणि पोलाद ही दोन लेकरे वाढत आहेत. भंगार वितळवून त्याच्या सळया करणारे कारखाने येथे पुष्कळ आहेत, आणि आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांची चूल त्यांच्यावर पेटते. आता हे भंगार कोठून कोठून येते हे कोणास सांगता येईल? मोडकी जहाजे, जुनी यंत्रे, बंद पडलेल्या कारखान्यांचे व रुग्णालयांचे सामान, हे सर्व त्यात मिसळलेले असते. अशा सामानात कधी कधी कोबाल्ट ६० नावाचा पदार्थ असू शकतो. साधा कोबाल्ट धातू अणुभट्टीत ठेवला असता तो ह्या रूपास येतो, व मग त्यातून अखंड किरण निघत राहतात. हे किरण डोळ्यांस दिसत नाहीत, त्यांस वास नाही, आवाज नाही. पण ते मनुष्याच्या देहातून आरपार जातात. नेमके मोजून दिले तर ते दुर्धर रोगाची गाठ जाळतात. न मोजता अंगावर आले तर जिवंत मनुष्यास जाळतात. सुमारे सव्वापाच वर्षांनी त्यांचा जोर निम्मा होतो, आणखी तितक्याच काळाने पाव राहतो. म्हणून हा पदार्थ शिशाच्या जाड डब्यात ठेवतात, आणि म्हणूनच तो डबा इतका जड असतो.

आता असा डबा भंगारात गेला तर काय होते, ह्याची साक्ष इतिहासात आहे. मेक्सिको देशात ह्वारेझ नावाच्या शहरी एका रुग्णालयाने १९७७ साली कोबाल्टचे यंत्र विकत घेतले व ते न वापरता गुदामात ठेवून दिले. १९८३ साली ते भंगारात विकले गेले. त्यातील हजारो बारीक गोळ्या भंगारात मिसळल्या, भंगार भट्टीत गेले, आणि त्याच्या सळया होऊन गावोगाव पोहोचल्या. कोणास काही कळले नाही. पुढे जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील अणुसंशोधन केंद्राजवळून त्या सळयांनी भरलेली एक मालमोटार जात असता तेथील यंत्र वाजले, आणि मग सर्व उघडकीस आले. त्या सळया घालून बांधलेली शेकडो घरे पाडावी लागली. विचार करा: ज्या घरावर गरिबाने आपली आयुष्याची कमाई घातली, त्याच्याच भिंतीतून त्याच्या मुलांवर किरण पडत होते, आणि त्याचा स्वतःचा काडीइतका अपराध नव्हता.

हे दूरदेशी घडले म्हणून आपण निर्धास्त होऊ नये. आपल्याच देशाच्या राजधानीत, दिल्लीच्या मायापुरी नावाच्या भंगार बाजारात, एप्रिल २०१० मध्ये असाच प्रसंग ओढवला. एका विद्यापीठात १९८५ पासून वापरात नसलेले एक कोबाल्टचे यंत्र लिलावात काढण्यात आले. विद्वान लोकांनी ते विकले, अजाण लोकांनी ते फोडले. कित्येक कामकरी आजारी पडले व त्यांपैकी एक दगावला. तसेच २००८ साली फ्रान्स देशात पाळण्याच्या, म्हणजे माणसांस वरच्या मजल्यावर नेणाऱ्या यंत्राच्या, बटणांत कोबाल्ट ६० आढळले. त्यांचे पोलाद भारतातून गेलेले होते. ते बटण जोडणाऱ्या सुमारे वीस कामकऱ्यांच्या अंगावर ठरलेल्या मर्यादेबाहेर किरण पडले होते. पाहा, येथील भट्टीतील एक चूक समुद्रापलीकडील मजुराच्या हातापर्यंत पोहोचते. आपला शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने प्रभूस विचारले होते. ह्या युगात त्याचे उत्तर फार लांबवर गेले आहे.

आपल्या पवित्र शास्त्रास हे प्रश्न नवे नाहीत. मोशेच्या नियमशास्त्रात तीन साध्या आज्ञा आहेत. अनुवादाच्या २२व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास आज्ञा आहे की, त्याने धाब्यास कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल. निर्गमाच्या २१व्या अध्यायात सांगितले आहे की, ज्याने खड्डा खणून उघडा टाकला त्याने त्यात पडलेल्या जनावराची भरपाई द्यावी. त्याच अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने एकाएकी कोणास हुंदाडले तर धनी निर्दोष. पण बैल मारका आहे हे त्यास आधी कळविलेले असून त्याने तो बांधला नाही, तर धनी दोषी. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात राहिलेल्या, विहिरीच्या काठी वाढलेल्या व बैल पाळणाऱ्या आपणांस हे नियम समजावून सांगावयास नकोत. ह्यांचे तात्पर्य असे की, मनात वाईट हेतू नव्हता एवढे पुरत नाही. जो सामर्थ्याची वस्तू बाळगतो, त्याने ती शेजाऱ्यासाठी निर्धोक केली पाहिजे. ज्याने कोबाल्टचा डबा बेवारस सोडला, त्याने गावाच्या वाटेवर खड्डा उघडा टाकला.

मग कोणी म्हणेल, असली वस्तू नकोच. ती समुद्रात बुडवावी. परंतु असे म्हणणे घाईचे होईल. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे, आणि आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आपल्या मंडळ्यांतील किती माताभगिनी तेथील किरणोपचाराने पुन्हा आपल्या लेकरांत येऊन बसल्या, हे आपण जाणतो. नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे २००२ सालापासून कोबाल्टच्या किरणांनी कांद्यास कोंब फुटू न देण्याची व्यवस्था आहे. त्यायोगे कांदा अधिक काळ टिकतो व त्यात किरणांचा अंशही उरत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी बियाण्यावर किरण सोडून त्यांतून भुईमूग, तूर, मूग इत्यादींचे साठांहून अधिक वाण निवडून काढले. आपल्याकडील शेतकऱ्यांस 'टॅग २४' हा भुईमूग ठाऊक आहे, तो त्यांपैकीच. अशी देणगी जमिनीत पुरून ठेवणारा सेवक धन्यास आवडला नाही, हे तालांताच्या दाखल्यात आपण वाचतो. तेव्हा प्रश्न ही वस्तू ठेवावी की टाकावी एवढाच नसून, ती ठेवणाराने कसे वागावे, हा आहे.

आता कारखान्यातील डब्यावरून राष्ट्रांच्या कोठारांकडे वळू, कारण तेथेही हाच न्याय लागतो. १९४५ च्या ऑगस्ट महिन्यात ६ तारखेस हिरोशिमा व ९ तारखेस नागासाकी ही जपानची दोन शहरे अणुबाँबने जळाली. त्यानंतर ८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सभेत असा विचार मांडला की, ही शक्ती रोगनिवारण, शेती व वीज ह्यांकडे लावावी, व त्यावर लक्ष ठेवण्यास सर्व राष्ट्रांची एक संस्था असावी. यशया संदेष्ट्याने तलवारींचे फाळ होण्याची आशा सांगितली, तिची आठवण अनेकांस झाली असेल. १९५७ साली ती संस्था व्हिएन्ना शहरी स्थापन झाली. तिला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था म्हणतात. आपला देश तिच्या संस्थापक सभासदांपैकी एक आहे.

ही संस्था तपासणी कशी करते, हे आपल्या मंडळीच्या व्यवहारावरून सहज समजेल. रविवारचे दान एकट्याने मोजू नये, दोघांनी मोजून दोघांनी सही करावी, असा चांगल्या मंडळ्यांत परिपाठ असतो. तद्वत अणुभट्टीत किती इंधन आले, किती जळले व किती उरले, ह्याची वही ठेवावी लागते. परदेशी तपासनीस येऊन ती वही प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहतात, कोठारास मोहोर लावतात, व ठराविक ठिकाणी चित्र घेणारी यंत्रे बसवितात. जळलेल्या इंधनातून प्लुटोनियम नावाचा धातू वेगळा काढता येतो व त्याचा बाँब होऊ शकतो. तो तिकडे वळला नाही, एवढे ह्या तपासणीने पाहावयाचे असते. भट्टी निर्धोक चालते की नाही, हे पाहणे ह्याहून निराळे. ते मुख्यत्वे ज्या त्या देशाच्या सरकारचे काम आहे.

आपल्या महाराष्ट्रात ह्याचे उदाहरण तारापूर येथे आहे. १९६३ साली अमेरिकेशी करार होऊन तेथे दोन अणुभट्ट्या उभारण्यात आल्या व १९६९ साली त्यांची वीज मिळू लागली. इंधन परदेशचे असल्यामुळे ह्या दोन भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली ठेवण्यात आल्या. ह्या गोष्टीबद्दल त्या काळी व पुढेही आपल्याकडील अनेकांस वैषम्य वाटले, आणि त्यांचे आक्षेप आपण प्रामाणिकपणे ऐकून घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप मानाचा. आम्ही चोर नाही, मग आमच्या कोठारास मोहोर का? ह्यास उत्तर पौल प्रेषिताच्या वागणुकीत आहे. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी त्याने मोठा निधी जमविला होता. त्याच्या सचोटीविषयी कोणास शंका होती? तरीही २ करिंथच्या ८व्या अध्यायात तो लिहितो की, ह्या दानाच्या कामी मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू त्याने आपणाबरोबर घेतला, यासाठी की कोणास दोष काढण्यास जागा राहू नये. देवापुढे खरे असणे त्यास पुरेसे वाटले नाही. मनुष्यांपुढेही ते दिसावे, अशी त्याने काळजी घेतली. माझ्या तरुण मित्राच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर हेच होय. देव सर्व पाहतो हे खरे, पण माझा शेजारी पाहू शकत नाही, आणि भय त्याला आहे. माझी वही मी उघडतो ती मी चोर आहे म्हणून नव्हे, तर त्याला रात्री झोप यावी म्हणून. असे पाहिले असता तपासणी हा अपमान न राहता प्रीतीचे एक कृत्य होते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे व तो अधिक जड आहे. १९७० साली अंमलात आलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने जगाचे दोन वर्ग केले. पाच राष्ट्रांनी आपले बाँब ठेवावे, इतरांनी ते करू नयेत व आपली कोठारे तपासू द्यावी. ह्या करारावर आपल्या देशाने सही केलेली नाही. त्या पाच राष्ट्रांनीही शस्त्रे कमी करण्यासाठी सद्भावाने बोलणी चालवू असे वचन त्यात दिले होते. तथापि त्यांची कोठारे आजही रिकामी नाहीत. येथे एक गोष्ट विसरू नये. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९५४ सालीच सर्व राष्ट्रांनी अणुस्फोटाच्या चाचण्या थांबवाव्या अशी विनंती केली होती, ती ऐकली गेली नाही. तेव्हा ज्याच्या स्वतःच्या डोळ्यात मुसळ आहे त्याने आमच्या डोळ्यातील कुसळ का शोधावे, हा प्रश्न खोटा नाही.

आपल्या मंडळीलाही ह्या दुःखाचा अनुभव आहे. ह्या जालन्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी शुभवर्तमानाचे काम केले व जवळच बेथेल वसविले. त्या काळच्या मिशनकार्यास सातासमुद्रापलीकडील लोकांचे पैसे येत, आणि कामाचे अहवाल व हिशेब तिकडे जात. हिशेब मागणारे राज्यकर्त्यांच्या जातीचे, देणारे ह्या देशचे. हे आपल्या वडिलांस बोचले नसेल असे कोण म्हणेल? पण त्या बोचणीचा योग्य उपाय वही बंद करणे हा नव्हता. मंडळी स्वतः कारभार करू लागली आणि वही आपल्याच लोकांपुढे उघडू लागली, हा खरा उपाय होता.

आणि येथे आपल्या देशाविषयीही एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. तुर्भे येथे कॅनडाने दिलेली 'सायरस' नावाची अणुभट्टी होती. ती केवळ शांततेच्या कामासाठी वापरू असे वचन आपण दिले होते. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे जो स्फोट झाला, त्यातील प्लुटोनियम ह्या भट्टीतून आलेले होते. आपल्या सरकारने त्यास शांततामय स्फोट असे नाव दिले, व कराराच्या अक्षरात स्फोटास मनाई नव्हती असे म्हटले. कॅनडाने त्यास वचनभंग मानून सहकार्य बंद केले. पुढे अमेरिकेने १९७८ साली कायदा केला व तारापूरच्या इंधनाचा पुरवठा अडला. ते फ्रान्सकडून आणावे लागले. मे १९९८ मध्ये पुन्हा स्फोट झाले, आणि तेव्हा शांततेचे नावही उरले नाही. देशाच्या रक्षणाचा प्रश्न मोठा आहे व त्यात निरनिराळी मते असणारे सज्जन आहेत. त्याचा निवाडा ह्या लेखात करावयाचा नाही. एवढेच म्हणावयाचे की, शब्द ताणला म्हणजे तुटतो. दुसऱ्याच्या अन्यायामुळे आपले वचन हलके होत नाही. आमचे होय ते होय असावे अशी प्रभूची शिकवण आहे. ती सबळांस जितकी लागू तितकीच दुर्बळांसही.

त्यानंतर बराच काळ गेल्यावर २००८ साली व्हिएन्नाच्या संस्थेशी नवा करार ठरला, २००९ साली त्यावर सही झाली, व आपल्या देशाने आपण होऊन काही भट्ट्या शांततेच्या म्हणून वेगळ्या नोंदवून तपासणीस खुल्या केल्या. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या त्यांत आहेत. तेथेच २००५ व २००६ साली सुरू झालेल्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या त्या यादीत घातल्या नाहीत. एकाच आवारात दोन खोल्या उघड्या व दोन बंद. असे का, ह्याची कारणे राज्यकर्ते सांगतील. पण जगातील सर्वच अण्वस्त्रधारी राष्ट्रांची घरे अशीच आहेत, आणि जोवर सर्वांच्या सर्व खोल्या उघड्या होत नाहीत तोवर शेजाऱ्याचे भय पुरतेपणी जाणार नाही, हे ख्रिस्ती मनुष्याने म्हणावयास कचरू नये.

आता तपासणाराविषयी. वही उघडणे जितके अवश्य, तितकेच ती तपासणारा मोकळा असणे अवश्य. पाटलाच्या वहीची तपासणी पाटलाच्याच गड्याने केली, तर गावाचा विश्वास कसा बसावा? आपल्या देशात १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. २०१२ साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात असा दोष दाखविला की, ज्यांच्यावर देखरेख करावयाची त्यांच्याच खात्याशी हे मंडळ बांधलेले आहे व त्यास पुरेसा स्वतंत्र अधिकार नाही. आपल्याच सरकारच्या तपासनीसाने आपल्याच सरकारचा दोष उघड सांगितला, ही गोष्ट देशाच्या कमीपणाची नसून भूषणाची आहे. जपानात ११ मार्च २०११ रोजी भूकंप व समुद्राची लाट येऊन फुकुशिमा येथे अनर्थ झाला. तेथील संसदेने नेमलेल्या समितीने पुढच्या वर्षी निष्पक्षपणे ठरविले की, लाट निसर्गाची असली तरी अनर्थ मनुष्याचा, कारण तपासणारे व चालविणारे एक झाले होते. त्याआधी सोव्हिएत राज्यात चर्नोबिल येथे २६ एप्रिल १९८६ रोजी भट्टी फुटली, तेव्हा सरकार गप्प बसले. दोन दिवसांनी दूरच्या स्वीडनमधील यंत्रांनी किरण पकडले तेव्हा कोठे जगास कळले. जो वाईट करतो तो उजेडाकडे येत नाही, असे योहानाच्या ३ऱ्या अध्यायात प्रभु सांगतो. पण पाहा, जो केवळ लाजतो किंवा भितो, तोही उजेडाकडे येत नाही, आणि त्याच्या शेजाऱ्यास तेवढेच महाग पडते.

आणखी एक तपासनीस आहे, ज्याला कोणी विचारीत नाही. तो म्हणजे कुंपणाला लागून राहणारा गरीब मनुष्य. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण येथील लोकांस आपली घरेदारे सोडावी लागली. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरजवळ माडबन येथे मोठा प्रकल्प योजिला गेला, तेव्हा शेतकरी व कोळी ह्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. वीज सर्वांस हवी, म्हणून त्यांचे प्रश्न अडाणीपणाचे ठरत नाहीत. ज्याच्या अंगणात कठडा नसलेला धाबा आहे, त्याने कठडा कोठे, असे विचारणे हा त्याचा हक्क आहे. आणि त्यास समजेल अशा भाषेत उत्तर देणे हे विद्वानांचे कर्तव्य आहे.

आता आपण पुन्हा लिंबाच्या झाडाखाली येऊ. बाळा, तू विचारलेस की ह्यातून निघाले काय? काहीच निघाले नाही, हेच तपासणीचे फळ आहे. धाब्याचा कठडा वर्षानुवर्षे उभा असतो आणि त्यामुळे जी मुले पडली नाहीत त्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाही. शंभर डबे तपासावे आणि शंभरांतही काही निघू नये, म्हणून देवाचे आभार मानावे. पण तो एकशे एकावा डबा येईल तेव्हा तो आपल्या अंगावर नाव घेऊन येणार नाही. तुला त्या दिवशी डबा रिकामा आहे हे ठाऊक नव्हते. तू जे केलेस ते, ठाऊक नसताना, ज्याचे तोंडही तू कधी पाहणार नाहीस अशा घरबांधणाऱ्याच्या लेकरांसाठी केलेस. व्हिएन्नाच्या तपासनीसाहून तुझे काम हलके नाही.

आणि तुझ्या सोबत्यांच्या मजुरीचे काय? ती गोष्ट मी हसण्यावारी नेणार नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी म्हणजे घरातील संध्याकाळची भाकरी. निर्धोकपणाची किंमत सर्वांत गरिबाच्या खिशातून काढावी, हा न्याय नव्हे. ज्याच्या मालाची तपासणी होते त्याने तपासणीच्या वेळेची मजुरी भरावी, म्हणजे खरे बोलणाऱ्यास कोणी चिडविणार नाही. मालक मंडळींपैकी कोणी हे वाचीत असतील तर त्यांनी ह्याचा विचार करावा. खरेपणा महाग केला की मनुष्ये गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या मनुष्याजवळून डबा भट्टीत जातो.

उपदेशक बंधूंस माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या शाळेच्या फळ्यावर किरणांची खूण काढून दाखवावी. मध्ये एक ठिपका व त्याभोवती पंख्यासारखी तीन पाती, बहुधा पिवळ्या पार्श्वभूमीवर, अशी ती असते. १२ वर्षांच्या मुलासही ती ध्यानात राहते. भंगारात ही खूण असलेली किंवा आकाराच्या मानाने फार जड अशी बंद वस्तू सापडल्यास ती उचलू नये, फोडू नये, घरी नेऊ नये. लांब सरावे, इतरांस लांब ठेवावे, मुकादमास सांगावे, व कोणी ऐकले नाही तर ११२ ह्या क्रमांकावर पोलिसांस कळवावे. भंगारवाल्याच्या पोरांस हे सांगणे हेही शुभवर्तमानाच्या सेवेचेच अंग आहे.

शेवटी मंडळ्यांस एक शब्द. राष्ट्रांनी आपली कोठारे उघडावी असे आपण म्हणतो. आपल्या दानपेटीची वही कोठे आहे? पंचांपैकी कोणी हिशेब विचारला असता आपला चेहरा उतरतो काय? लूकाच्या १६व्या अध्यायातील कारभाऱ्यास धन्याने हिशेब मागितला, तेव्हा तो गडबडला, कारण त्याची वही धड नव्हती. जो लहान गोष्टीत विश्वासू तो मोठ्या गोष्टीतही विश्वासू, हे प्रभूने त्याच ठिकाणी शिकविले. अणूहून लहान ते काय असावे, आणि त्याच्या कारभाराहून मोठे तरी काय असावे? आपण सर्व कारभारी आहो, धनी नव्हे. हिशेब एके दिवशी द्यावयाचाच आहे. तो आज शेजाऱ्यापुढे देण्याची ज्याला सवय लागली, त्याला त्या दिवशी धन्यापुढे उभे राहणे जड जाणार नाही. प्रभु आपणां सर्वांस तसे मन देवो. आमेन.